काशीअक्काचा एकच कीबोर्ड

तमिळ आवणी महिन्यातला, म्हणजे श्रावण-भाद्रपदातला, गुरुवार होता. वाटणीची रक्कम चार लाख वीस हजार रुपये. हजर माणसं सहा: गोविंदराव, त्यांचे धाकटे भाऊ भीमराव, दोघांच्या मधली बहीण काशीबाई, घरचे वाध्यार म्हणजे पुरोहित, दस्त लिहिणारा, आणि मी. मी नात्यातला नव्हे. मागच्या गल्लीत राहतो, एका सहकारी संस्थेत हिशेब बघतो. दोन्ही भावांचा माझ्या बेरजेवर विश्वास होता, एवढ्यासाठीच मला बोलावलं होतं.

वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर गोविंदरावांकडे राहायचं आणि त्यांनी भीमरावांना ही रक्कम द्यायची असं ठरलं. भीमराव बायको-मुलीला घेऊन आधीच मेडिकल कॉलेजच्या बाजूला भाड्याच्या घरात गेले होते. घराची रस्त्याकडची पुढची खोली मात्र सामाईक राहिली. त्या खोलीत वडिलांनी आयुष्यभर टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली होती, आणि आता तिथे दोघा भावांचं टायपिंगचं दुकान होतं. बहिणीच्या हिश्शाचा विषय कोणी काढला नाही. शेवटी दस्त लिहिणाऱ्यानेच विचारलं, "काशीबाईंचं काय लिहू?"

"मज काही नको," ती म्हणाली. "सोडलं म्हणून लिही, मी सही करतें. पण दुकानात मेज एकच राहील. टीव्ही एक, कीबोर्ड एक."

मॉनिटरला ती टीव्ही म्हणे.

दस्त लिहिणारा पेन उचलून माझ्याकडे बघू लागला. "साहेब, हे दस्तात कसं बसवायचं?"

"बसवू नको की," काशीअक्का म्हणाली. "दोघांनी ऐकलं ना? अण्णा, ऐकलंस? भीमू, ऐकलंस? सरि, झालं."

गोविंदरावांनी मान हलवली. भीमराव खिडकीबाहेर बघत "ऐकलं" म्हणाले. कायद्याप्रमाणे तिचा तिसरा हिस्सा होत होता. घराची त्या दिवशी धरलेली किंमत मला पाठ होती, त्यामुळे तिने किती सोडलं हे मी मनात लगेच काढलं. बदल्यात तिने एक लाकडी मेज, एक मॉनिटर आणि एक कीबोर्ड मागितला होता, तोही स्वतःसाठी नव्हे.

काशीअक्का तेव्हा साठीला टेकली होती. बारीक, ताठ, नऊवारी नव्हे तर साधी सुती साडी, केसात कायम एक कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, तुरा. लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी परत आली होती. त्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे आणि बाहेरच्यांनीही विचारलं नाही. वडिलांनी तिला टाइपरायटरसमोर बसवलं. इंग्लिश हायर, तमिळ हायर, दोन्ही परीक्षा तिने वरच्या वर्गात काढल्या. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागली. तंजावुरातल्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांत तिच्या हाताखालून गेलेली माणसं आहेत, आणि ती कुठेही भेटली तरी काशीअक्का आधी त्यांच्या मनगटांकडे बघायची. एकदा बँकेत काउंटरमागच्या मॅनेजरला तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "मणिकट्टु उचल रे. असा टेकलास तर चाळिशीत दुखेल." तो मॅनेजर पन्नाशीचा होता. त्याने मनगट उचललं.

तिची चूक होत नसे. हे कौतुकाने सांगत नाही, तसा तो रोजचा अनुभव होता. एखादी अर्जाची प्रत पुन्हा वाचून बघावी असं गिऱ्हाइकाला वाटलं, तर ती कागद त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि विचारायची, "काशी टाइप केलेलं वाचतोस? मग मज पैसे कशाला देतोस, वाचणाऱ्याला दे." तिची ही ख्याती पुढे तिलाच भोवणार होती, पण ते मागाहून.

दुकान फार अरुंद. दोन मेजं मावतच नसत, त्यामुळे तिची अट सुरुवातीला कोणालाच जड गेली नाही. भावांचे धंदे मात्र वेगळे झाले होते. गोविंदराव पट्ट्याचे म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचे अर्ज, कलेक्टरकडच्या तक्रारी, दस्तांचे मसुदे ही कामं घेत. भीमराव ऑनलाइनची कामं घेत: परीक्षांचे फॉर्म, जातीचे दाखले, तिकिटं. प्रत्येकाचा आपला कॉम्प्युटर होता. दोन्ही डबे मेजाखाली शेजारी शेजारी ठेवलेले. वर एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माऊस, आणि मधोमध भीमरावांनी तिरुचीहून आणलेली हाताएवढी काळी पेटी. पेटीवर एक बटण आणि दोन बारीक दिवे. बटण दाबलं की पहिला दिवा लागे आणि गोविंदरावांचा कॉम्प्युटर पडद्यावर येई. पुन्हा दाबलं की दुसरा दिवा, भीमरावांचा कॉम्प्युटर. तोच कीबोर्ड, तेच हात, काम मात्र दुसऱ्या भावाचं.

मधे काशीअक्का बसे. उजवीकडे बाकावर गोविंदराव, डावीकडे स्टुलावर भीमराव. दोघं एकमेकांशी बोलत नसत. कारण विचाराल तर वडिलांच्या आजारपणातला खर्च आणि त्यावरून कोण कोणाला काय बोललं ते. दोघांच्या मधे तीन हातांचं अंतर होतं, आणि सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं.

"काशी, त्याला सांग, यावेळचं लाइटबिल त्याचं."

"त्याला कान आहेत, अण्णा."

"अक्का, त्यांना सांग, मागच्या वेळचंही मीच भरलं."

"अय्यो, मी टेलिफोन काय रे? तो बघ तिथे बसलाय. तोंड वळव नि सांग."

कोणी तोंड वळवत नसे. ती बटण दाबायची आणि पुढचं काम घ्यायची. बटण दाबण्याआधी ज्या भावाचं काम चाललेलं असे त्याचे कागद ती उलटे करून ठेवी, दुसऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून. एकाच्या गिऱ्हाइकाबद्दल दुसऱ्याजवळ तिने कधी अक्षर काढलं नाही. मी एकदा थट्टेने म्हटलं, "अक्का, तू बँकेत पाहिजे होतीस." ती म्हणाली, "बँकेत दोन भाऊ नसतात, रघू. तिथे काय सोपं असतं."

तिला एका कामाचा तिटकारा होता. वाटणीपत्राचा मसुदा. गोविंदरावांच्या धंद्यात ते काम वरचेवर येई आणि त्यात पैसाही बरा. पण असं गिऱ्हाईक आलं की काशीअक्काची बोटं जड व्हायची. पापनाशमहून दोन भाऊ आले होते, शेतीच्या वाटणीसाठी. मी तेव्हा दुकानात होतो, माझं संस्थेचं एक परिपत्रक टाइप व्हायचं होतं. तिने त्या दोघांना समोर बसवलं, कॉफी मागवली, आणि विचारत सुटली. मोठा कोण? आई आहे? विहीर कोणाकडे? आईचं जेवण कोणाकडे? दर प्रश्नाला दोघं थोडे थोडे गप्प होत गेले. मग ती म्हणाली, "आज कीबोर्ड चालत नाही. एक अक्षर दाबलं की दोन येतात. पुढच्या आठवड्यात या." ते उठून गेले. ते गेल्यावर तिने माझं परिपत्रक त्याच कीबोर्डवर एका दमात टाइप केलं.

गोविंदराव लाल झाले. "ते आता दुसऱ्याकडे जातील. तुला काय मिळालं?"

"एक आठवडा मिळाला त्यांना."

"एका आठवड्यात काय होतं?"

"कधी होतंही, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हां दोघांना कोणी दिला नाही."

भीमराव हसले. मग आपण हसलो हे मोठ्या भावाला कळलं म्हणून ते उठून रस्त्यावर गेले. पापनाशमच्या भावांनी तीन दिवसांत दुसरीकडे मसुदा करून घेतला, हे गोविंदरावांनीच पुढे मला सांगितलं.

आता श्राद्धाचं सांगतो, कारण तिचा सगळा जीव त्यात अडकला होता. आमच्यात भाऊ एकत्र असले की वडिलांचं श्राद्ध एकच होतं, थोरला करतो आणि धाकटे त्याच्यामागे बसतात. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, की प्रत्येकाने आपल्या घरी वेगळं करायचं. वडिलांची तिथी मार्गशीर्ष वद्य षष्ठी. आवणीत वाटणी झाली, म्हणजे त्याच वर्षीपासून दोन श्राद्धं व्हायची. कार्तिकात ती वाध्यारांना घरून बोलावून दुकानात घेऊन आली. भाऊ दोघं जेवायला गेले होते. मी बाकावर होतो.

"वाध्यारमामा, बाबांचं श्राद्ध यंदा एक की दोन?"

"वाटणी झाली ना काशी. मीच होतो की तिथे. चुली दोन, श्राद्धं दोन."

"चूल मोजतां, मेज मोजत नाही?"

"मेजाचं शास्त्रात कुठे आहे?"

"शास्त्र लिहिलं तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आतां मी विचारतें त्याचं सांगा. अण्णाच्या चुलीवर तांदूळ कशाचे? टायपिंगच्या पैशाचे. भीमूच्या चुलीवर? तेही त्याच पैशाचे. ते पैसे कोठून येतात? ह्या कीबोर्डातून. कीबोर्ड किती आहेत, मोजा."

वाध्यारांनी खरोखर मेजाकडे बघितलं. "एक."

"मग वेगळे कोठे झाले?"

वाध्यार हसायला लागले. "तू वकील व्हायचीस."

"वकिलांचं सगळं मीच टाइप केलं आहे. ठाऊक आहे मज, ते किती शहाणे असतात."

वाध्यारांनी मेजाकडे पुन्हा एकदा बघितलं. चांगला माणूस, पण भिडस्त. मग म्हणाले, "भीमू येऊन अण्णाच्या मागे बसत असेल, तर मी एकच करीन. कोणी विचारलं तर मेजावर बोट दाखवीन. पण काशी, ज्या दिवशी इथे दोन कीबोर्ड दिसतील, त्या दिवशी मला अडवू नको."

"अडवणार नाही," ती म्हणाली.

त्या वर्षी भीमराव आले. नंतरही दर वर्षी आले. भावाच्या मागे धोतर नेसून बसत, दर्भ बोटात, मंत्र पुटपुटत, वर न बघता. जेवणाच्या पानावर मात्र एक गोष्ट दरवर्षी घडे. गोविंदराव मान न वळवता म्हणत, "भीमूला पायस वाढ. त्याला आवडतं." बहिणीला उद्देशून, पण नाव भावाचं घेऊन. वर्षभरात मोठ्या भावाच्या तोंडून धाकट्याचं नाव निघे ते एवढंच एकदा. काशीअक्का वाढायला वाकलेली असे आणि वाकलेलीच राही. त्या वाक्यासाठी तिने घराचा हिस्सा दिला होता असं म्हटलं तर चूक होणार नाही. मला ते फार महाग वाटलं. तिला तसं कधी वाटलं नाही.

एका वर्षी श्राद्धानंतर तिने वडिलांचा जुना फोटो बाहेर काढला, इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटरच्या रांगेपुढे उभे असलेला. भीमरावांच्या मुलीकडून तो स्कॅन करवून घेतला आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. बटण इकडे दाबा की तिकडे, समोर तेच वडील. "दोघांनाही बाबा दिसले पाहिजेत," ती म्हणाली. "एकाला दिसून काय उपयोग." दोघांच्या कामांच्या फाइलीही तिने एकसारख्या लावल्या, वर्षावार, महिनावार. तिला नेटकेपणा आवडे. मी मेजाजवळून बघितलं तर पडद्यावरून सांगता येत नसे, हा कोणाचा कॉम्प्युटर. फक्त पेटीवरचा दिवा सांगे.

आणि दिवे बिघडले. आधी दुसरा, मग पहिलाही. पेटी चालत होती, बटण चालत होतं, पण कोणाचा नंबर लागला आहे हे आता बाहेरून कळेना. नवीन पेटी साडेसहाशे रुपयांना मिळत होती. भीमराव म्हणाले, पहिली मी आणली, आता त्यांनी आणावी. गोविंदराव म्हणाले, अशा पेट्यांचा नाद त्याचा, त्यानेच आणावी. मी म्हटलं, सव्वातीनशे सव्वातीनशे द्या, मी आणतो. दोघंही म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही. काशीअक्का म्हणाली, "राहू दे रघू. मज दिवा कशाला. माझ्या हाताला ठाऊक असतं कोठे बसलें आहे." आणि खरंच कित्येक महिने तिच्या हाताला ठाऊक होतं.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात भीमरावांचा कॉम्प्युटर फार मंद चालू लागला. लोकांच्या दाखल्यांचे स्कॅन साठून साठून तो भरला होता. त्यांनी तिला सांगितलं, गिऱ्हाइकं आपापले कागद घेऊन गेली आहेत, जुनी वर्षं सगळी पुसून टाक, आणि पुसताना शिफ्ट दाबून पूस म्हणजे कचऱ्याच्या डब्यातही राहणार नाही, जागा मोकळी होईल. सांगून ते पोस्टात गेले. तिने बटण दाबलं. तेवढ्यात कोणीतरी पट्ट्याचं विचारायला दारात आलं, तिने त्याला उत्तर दिलं, आणि पुन्हा वळून, वाटतं, बटण पुन्हा एकदा दाबलं. समोर वडील होते. वर्षावार फाइली होत्या. तिने एक वर्ष निवडलं, शिफ्ट धरून पुसलं. दुसरं पुसलं. सगळी जुनी वर्षं पुसली. ती गोविंदरावांची होती.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. एका वकिलाचा कारकून जुन्या मसुद्याची प्रत मागायला आला. गोविंदरावांनी सांगितलं, काशी, काढ. तिने बटण दाबलं, वडील आले, आणि जुन्या फाइलींच्या जागी काहीच नव्हतं. तिने पुन्हा बटण दाबलं. तिकडे भीमरावांची सगळी वर्षं जशीच्या तशी.

मी नंतर पोचलो. ती कीबोर्डवर हात ठेवून बसली होती, मनगटं उचललेली. गोविंदराव उभे होते.

"तुझ्या हातून चूक होत नाही, काशी," ते अगदी हळू म्हणाले. "बाबांच्या वेळेपासून बघतोय. म्हणून विचारतो. तुला हे कोणी करायला सांगितलं?"

"माझी चूक, अण्णा. कोणी सांगितलं नाही."

"शिफ्ट दाबून पुसायचं तुला कोणी शिकवलं?"

स्टुलावरून भीमराव म्हणाले, "मी शिकवलं. माझं पुसायला."

चार-पाच वर्षांत दुकानात त्यांनी भावाला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. गोविंदरावांनी ते कबुलीजबाब म्हणूनच घेतलं.

"ऐकलंस?" ते बहिणीला म्हणाले.

"अण्णा, दिवे गेले होते. पडदा सारखा दिसतो. मी दोन वेळा दाबलं असेन. माझी चूक आहे, माझी!" ती ओरडली. तिचा आवाज मी तेव्हाच काय तो चढलेला ऐकला. "काशीची चूक होते! सगळ्यांना सांग की!"

"नाही होत," गोविंदराव म्हणाले.

तिरुचीच्या एका माणसाकडे डबा नेला. त्याने थोडं परत मिळवून दिलं, पण नावं गेलेली आणि निम्म्या फाइली उघडतच नव्हत्या. तो म्हणाला, तीन दिवस यावर काम चालू ठेवलंत, जुन्यावर नवं लिहून गेलं सगळं. ते तीन दिवस काम करत होती ती अर्थात काशीअक्काच. मी दोघांना बसवून समजावलं. काशीअक्काने दोघांच्या बायकांना समजावलं. गोविंदरावांना पटलं नाही. चूक काशीची असू शकते हे त्यांना मानवेना, आणि भावाने करवलं हे लगेच मानवलं. भीमरावांनाही वाईट वाटलं असेल, पण ते एकदाच बोलले आणि त्यांच्या त्या बोलण्यानेच त्यांना चोर ठरवलं, म्हणून पुन्हा बोलले नाहीत.

पंधरा दिवसांत गोविंदरावांनी नवा मॉनिटर आणि नवा कीबोर्ड आणला. मेज काढलं. त्याच्या जागी दोन अरुंद फळ्या आल्या आणि दोन्हींच्या मधे प्लायवूड, छतापर्यंत. टायपिंगला त्यांनी एक मुलगी ठेवली. भीमराव आपल्या बाजूला जुन्या कीबोर्डवर दोन बोटांनी टाइप करू लागले. दोघंही काशीअक्काला म्हणाले, तू माझ्याकडे बस. खरंच म्हणाले, अगत्याने. ती कोणाकडेच बसली नाही. आठ-दहा दिवस दुकानासमोरच्या पायरीवर येऊन बसायची. प्लायवूडच्या एका बाजूने टपटप ऐकू येई, दुसऱ्या बाजूने टप... टप... "भीमू एफ शोधतोय," ती मला म्हणाली. मग तेही बंद केलं.

कार्तिक संपत आला तसे वाध्यार आले. दुकानात डोकावले. मग मागे घरात जाऊन तिच्यासमोर बसले. ती तांदूळ निवडत होती.

"काशी, मी मागे काय म्हटलं होतं..."

"आठवतं, मामा. मी अडवत नाही."

"तू म्हणालीस तर एकदा दोघांशी बोलून बघतो."

"काय दाखवणार? बोट कोठे ठेवणार?" ती म्हणाली. "करा दोन."

पुढच्या आवणीत ती गेली, तिरुवैयारुला, मामेबहिणीच्या घरी. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. दोघे भाऊ अंत्यविधीला गेले होते, मीही गेलो होतो. पण चालती-बोलती ती मला शेवटची दिसली ती त्या मार्गशीर्ष षष्ठीला.

त्या दिवशी दोन्ही घरी एकाच वेळी श्राद्ध होतं. गोविंदरावांकडे वाध्यार स्वतः, भीमरावांकडे त्यांचा पुतण्या. दुपारी दीडच्या सुमारास गोविंदरावांच्या बायको माझ्या दारात आल्या. "रघूअण्णा, अक्का सकाळपासून नाहीत. पहाटे स्नान करून भाज्या चिरून दिल्या नि गेल्या. पान वाढून ठेवलंय. भीमूकडे असतील का?" तेवढ्यात भीमरावांचा फोन आला. "अक्का अण्णाकडे आहे का? आमच्याकडे सकाळी आली, वड्यांची डाळ वाटून दिली, आणि न सांगता गेली. तिचं पान वाढून ठेवलंय, आम्ही थांबलोय."

मी स्कूटर काढली. ती जुन्या बसस्टँडवर सापडली, तिरुवैयारुच्या गाड्या लागतात तिथे, खांबाला टेकून उभी. हातात कापडी पिशवी. केसात तुरा नव्हता.

"अक्का, दोन्हीकडे तुझ्यासाठी थांबलेत. चल."

"कोणाकडे?"

मी गोविंदरावांचं घर म्हणणार होतो, ते जवळ पडतं म्हणून.

"बघ," ती म्हणाली. "तुजही सांगतां येत नाही."

"म्हणून दिवसभर उपाशी राहणार? बाबांच्या तिथीला?"

"उपाशी कशाला? जेवलें की."

"कोठे?"

तिने मानेने समोरचं हॉटेल दाखवलं. मी बघतच राहिलो. ज्या बाईने वडिलांच्या तिथीला आदल्या दिवसापासून बाहेरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं, ती.

"दोन इडल्या, एक कॉफी. चाळीस रुपये दिले," ती म्हणाली. "सांबारात कांदा होता. लहान कांदा, अख्खा. तोही खाल्ला."

"अक्का..."

"एकाकडे जेवलें तर दुसऱ्याकडे नाही जेवलें होतं, रघू. इथे कोणाकडेच नाही. जा, दोघांना सांग, पान उचला म्हणावं. गाईला घाला." मग जरा थांबून म्हणाली, "अण्णाने पायसाचं म्हटलं का रे?"

"कोणाला म्हणणार, अक्का? भीमू तिकडे होता."

"होय की," ती म्हणाली.

गाडी आली. बायकांच्या घोळक्यात ती चढली. खिडकीपाशी जागा मिळाली की नाही ते मला खालून दिसलं नाही. मी परत फिरून आधी गोविंदरावांकडे गेलो, मग भीमरावांकडे, आणि निरोप सांगितला. दोघांनी एकच प्रश्न विचारला, "जेवली का?" आणि मी दोघांना एकच उत्तर दिलं, "जेवली." कांद्याचं सांगितलं नाही.

संध्याकाळी दोघांनीही माझ्याकडून खर्चाची बेरीज करून घेतली, सवयीने. गोविंदरावांनी वाध्यारांना आणि जेवलेल्या दोघा ब्राह्मणांना मिळून साडेतीन हजार दिले. भीमरावांनी वाध्यारांच्या पुतण्याला आणि त्यांच्याकडच्या दोघांना तेवढेच. काशीअक्काने दोन इडल्या आणि एका कॉफीचे चाळीस रुपये हॉटेलवाल्याला दिले.